अर्धं टोपण

पोलिंग मनांगचं शेत माझ्या दुकानासमोरच आहे. मनांग म्हणजे ताई, वयाने मोठ्या बाईला आम्ही तसंच म्हणतो. मधे फक्त रस्ता, तोही एका ट्रायसिकल-रिक्षापुरता. दुकानाला लोखंडी जाळी आहे आणि जाळीला हात जाईल एवढी खिडकी. त्या खिडकीतून मी लोकांना साबण, मीठ, व्हिनेगर आणि जिन देते आणि उरलेला वेळ शेताकडे बघत बसते. चोवीस वर्षं बघते आहे. इतकी वर्षं एकाच ठिकाणी बसलं की जे बघायचं नसतं तेही दिसतं.

भात कापून झालं, उत्तरेचा गार वारा सुटला की त्या शेतात भेंडी लागते. सकाळी धुकं इतकं खाली येतं की भेंडीची पिवळी फुलं तेवढी वर दिसतात, खालचं शेत नाहीच. अशा वेळी मला नेहमी वाटतं की आपण अजून जागे झालेलोच नाही. मग कोणीतरी जाळीवर टकटक करून मिठाची पुडी मागतं.

शेताच्या मधोमध एक बांध आहे. आंब्याकडची बाजू मनांगची, विहिरीकडची तिच्या नवऱ्याची, ब्रोसिओची. घर एक, चूल एक, रेडा एक, पण भेंडी दोन. हे वाटे कोणी पाडून दिलेले नव्हते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दोघांचं खतावरून इतकं वाजलं की मनांग फावडं घेऊन गेली आणि तिने एका सकाळीत तो बांध घालून टाकला. ब्रोसिओ म्हणे विहिरीच्या काठावर विडी ओढत बघत होता, आणि बांध वाकडा होतोय एवढंच त्याने सांगितलं. बांध अजून वाकडाच आहे.

मनांगचा सगळा जीव शेणात. रेड्याचं शेण, कोंबडखत, भाताच्या तुसाची राख, कुजवलेला पेंढा. ते सगळं ती पिंपात भिजवायची, दहा दिवस मुरवायची आणि बादलीने भेंडीच्या मुळाशी घालायची. घालताना दर वेळी पुटपुटायची, "बारी-बारी, अपो," म्हणजे जमिनीत जे कोणी न दिसणारे राहतात त्यांनी जरा बाजूला व्हावं, अंगावर उडेल. वास माझ्या दुकानात यायचा. गिऱ्हाइकं नाक धरून बिस्किटं मागायची.

ब्रोसिओ मनोंगचा, म्हणजे ब्रोसिओदादाचा, भरवसा युरियावर. आमच्याकडे त्याला कोणी युरिया म्हणत नाही, पांढरं म्हणतात. वीतभर बांबूच्या काडीला त्याने सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं टोपण ठोकून घेतलं होतं. एका झाडाला एक टोपण, अंगठ्याने सपाट केलेलं. बुंध्यापासून पाच बोटं लांब काठीने भोक पाडायचं, पांढरं सोडायचं, टाचेने बुजवायचं. सगळी ओळ तो असा चालायचा, काठी, टोपण, टाच, काठी, टोपण, टाच. बघता बघता माझे डोळे मिटायला लागायचे.

"तुझ्या त्या पांढऱ्याने जमिनीला दारूचं व्यसन लागतं, म्हाताऱ्या," मनांग बांधावरून ओरडायची. "आज पाजलंस की उद्या पुन्हा हात पसरते."

"आणि तुझ्या शेणाने भेंडी लागेपर्यंत मी मेलेला असेन, म्हातारे."

"मर ना मग. तुझ्या थडग्यावर लावते. बघ कशी येते."

हे दोघं तेव्हा चाळिशीचे पण नव्हते. एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणायची आमच्या इलोकानो लोकांची रीतच आहे. लग्न झालं की माणूस म्हातारा.

आता जे बघायचं नव्हतं ते सांगते.

रविवारी पहाटे मनांग चर्चला जायची. ब्रोसिओचा गुडघा नेमका रविवारी दुखायचा. ती वळणाआड गेली की गुडघा बरा व्हायचा आणि तो बांध ओलांडून तिच्या ओळीत शिरायचा. महिन्यातून एक-दोन रविवार, काठी, टोपण, टाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीतून शिट्टी मारली. तो दचकला, आणि सरळ दुकानात येऊन त्याने माझा हात धरून सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीवर ठेवला.

"करिंग, शपथ घे. तिला सांगणार नाहीस."

"पण मनोंग, तुम्हाला काय पडलंय तिच्या भेंडीचं?"

"तिसऱ्या तोड्यानंतर तिची भेंडी शेंड्याला फिकी पडते. मग तिला झोप लागत नाही. ती कूस बदलत राहते, आणि बांबूची खाट केवढी वाजते तुला काय माहीत."

मी शपथ घेतली. तिच्या बाजूसाठी त्याने दुसरी काडी बनवली होती, ती माझ्याकडे व्हिनेगरच्या बरणीमागे ठेवून जायचा.

त्याच रविवारी दुपारी ब्रोसिओ कोंबड्यांच्या झुंजीला म्हणून निघायचा. तो गेला की मनांग पिंपातली बादली भरायची, इकडेतिकडे बघायची आणि बांध ओलांडून त्याच्या ओळीत. "बारी-बारी, अपो." तिलाही मी पाहिलं. तीही दुकानात आली. तोच हात, तीच मूर्ती.

"त्याच्या बाजूची माती विटेसारखी झालीय गं," ती म्हणाली. "पांढरं खाऊन खाऊन. जमिनीने काय पाप केलंय? पण त्याला कळलं तर मरेपर्यंत मिरवेल, की बघा, हिला माझ्या बाजूची काळजी."

अशी मी दोन शपथांच्या मधे बसले, त्या बांधासारखी. सांतो निन्योला दोघांचंही माहीत होतं आणि तोही गप्पच होता. गावात मात्र चर्चा अशी, की बघा, एक पांढऱ्यावर पिकवतो आणि एक शेणावर, आणि दोन्हीकडे भेंडी सारखीच, कोवळी, सरळ, हिरवीगार. तालुक्याचा शेतकी अधिकारी एकदा येऊन वहीत लिहून गेला. काय लिहिलं देव जाणे. मी त्याला थंड सोडा दिला आणि गप्प राहिले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर होता तेव्हा, ब्रोसिओ गेला. विहिरीजवळ बसला आणि उठलाच नाही. मनांगने वर्षभराचं काळं घातलं. आमच्याकडे वर्ष भरलं की काळं उतरवतात आणि गेलेल्याला ताट वाढतात. त्याला आतांग म्हणतात. भात, उकडलेलं अंडं, चिकट तांदळाची वडी, विडी, थोडी दारू, आणि त्याला आवडायचं ते. ब्रोसिओला भेंडीची पातळ भाजी आवडायची, खारवलेल्या माशांचं पाणी घालून केलेली.

नोव्हेंबरात मनांगने दोन्ही बाजूंना बी टोकलं. मग माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"करिंग, वर्षाच्या ताटात दोन भेंड्या ठेवणार आहे. एक त्याच्या बाजूची, एक माझी. त्याच्या बाजूला पांढरं घालीन, तो घालायचा तसंच, त्याच्याच काडीने. माझ्या बाजूला पांढऱ्याचा कणसुद्धा नाही. मग बघू दे त्याला. एवढ्या वर्षांचा निकाल त्या दिवशी लावते. शेवटचा शब्द माझा."

"मेलेल्या माणसाशी कसली शर्यत लावतेस, मनांग?"

"जिवंतपणी त्याने लावू दिली नाही. विषय निघाला की विडी पेटवायचा."

बोलताना ती हसत होती, पण हात जाळीवर घट्ट होता. मला त्या हाताचं वाईट वाटलं.

तिने बोलल्याप्रमाणे केलं. आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय केली. रविवारी दुपारी, झुंजीच्या वेळेला, ती बादली घेऊन त्याच्या बाजूला जायचीच. आता कोणापासून चोरून? तो तर कबरस्तानात. तरी ती आधी रस्त्याकडे बघायची, मग बांध ओलांडायची. मी जाळीआडून बघायचे आणि मला हसू यायचं आणि हसताना नाक चोंदायचं.

जानेवारीत तोडे सुरू झाले. पहिला तोडा दोन्हीकडे सारखा. दुसऱ्याला मनांगच्या भेंडीचे शेंडे फिकट दिसले. तिसऱ्यानंतर खालची पानं पिवळी, शेंगा आखूड, काही वाकड्या. बांधाच्या पलीकडे ब्रोसिओची भेंडी अशी काळीभोर हिरवी, की धुक्यातही वेगळी दिसायची. मनांगने पिंप दोनदा रिकामं केलं. राख घातली, पाणी जास्त दिलं, कमी दिलं. काही फरक नाही.

लोकांना तेवढंच हवं असतं. म्हातारा इस्तो रोज सकाळी माझ्या बाकावर कॉफी प्यायला बसतो. त्याने रस्त्यावरूनच आवाज दिला.

"पोलिंग! ब्रोसिओ मातीखालून हसतोय बघ! मेला तरी त्याची भेंडी तुझ्यापेक्षा बरी!"

मनांगने उत्तर दिलं नाही. ही बाई कधी उत्तराशिवाय राहिलेली मी पाहिली नव्हती. त्याच्या बाजूला माझं शेण आहे, असं ती ओरडली असती तर इस्तो गार पडला असता. पण ते सांगायचं तर एवढ्या वर्षांची चोरी सांगायची, आणि काळं अंगावर असताना. ती खाली मान घालून भेंडी तोडत राहिली. मोज्यांचे हातमोजे केलेत तिने, लव टोचते म्हणून. ती मनगटाने डोळे पुसत होती.

मग तिला स्वप्न पडलं. दुपारी आंब्याखाली झोळीत डोळा लागला तेव्हा. उठली ती थेट माझ्याकडे.

"म्हातारा आला होता, करिंग."

"काय मागितलं?" मी विचारलं. आमच्यात गेलेलं माणूस स्वप्नात आलं की काहीतरी हवं असतं.

"बोललाच नाही. माझ्या बाजूला होता. माझ्या ओळीत, पाठमोरा, वाकलेला. एकेक झाड करत पुढे चालला होता. मी हाक मारली तर वळला नाही. खूप धुकं होतं, त्याचे पाय दिसत नव्हते. हातात काहीतरी होतं, एवढंसं." तिने दोन बोटांनी दाखवलं. "काय शोधत होता?"

माझ्या पाठीमागे व्हिनेगरची बरणी होती आणि बरणीमागे ती काडी. मला ती पाठीला टोचतेय असं वाटलं. मी सांतो निन्योकडे बघितलं. तो आपला लाल झगा घालून गप्प उभा. मी म्हटलं, "काय की, मनांग." त्या खोट्याची लाज मला अजून वाटते.

"मला कळलंय," ती म्हणाली. "माझी भेंडी बघायला आला होता. वाकून वाकून. खात्री करून घेत होता की हरले." तिने शेताकडे तोंड केलं. "बरं बाबा. हरले. ताटात तुझीच ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मनांग स्वतःच्या बाजूला, पांढऱ्याची पिशवी काखेत आणि ब्रोसिओची मोठी काडी हातात. एका झाडाला पूर्ण टोपण. भोकंही पाच बोटांवर नाही, अगदी बुंध्याशी, रागारागात. तिने एकच ओळ केली, मग थकली आणि पाणी सोडून निघून गेली. मी ओरडायला हवं होतं. पण ओरडले असते तर का ते सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती ओळ पोळली. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, कळ्या गळून खाली. मनांग त्या ओळीच्या टोकाला मातीतच बसली होती, काळ्या कपड्यात, आणि कोणाकडेच बघत नव्हती. वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते.

तेव्हा मी दुकानाला कुलूप लावलं. दिवसाढवळ्या. इस्तो बाकावरून म्हणाला, "अगं, माझी कॉफी!" मी म्हटलं, "स्वतः ढवळा." सांतो निन्योला हात जोडले आणि म्हटलं की शपथेचं काय ते आपण दोघं नंतर बघू. मग बरणीमागची काडी घेतली आणि रस्ता ओलांडला.

"हे घे, मनांग."

तिने काडी घेतली. बांबू तोच, खिळा ठोकायची पद्धत तीच. टोपण मात्र आतून अर्धं भरलेलं. ब्रोसिओने त्यात चर्चच्या मेणबत्तीचं मेण वितळवून ओतलं होतं, वर बोटाने सपाट केलं होतं. त्यात पांढरं मावायचं ते अर्धंच.

मी सगळं सांगितलं. रविवारची पहाट, गुडघा, खाट वाजते ते. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे एवढी वर्षं मी गावभर छाती काढून सांगत फिरले, पांढऱ्याचा कण नाही, आणि हा! चोर! मला सगळ्यांसमोर खोटी पाडली! आणि तू, करिंग, माझ्या हाताची भाजी खात होतीस आणि..."

"शिव्या नंतर दे. आधी टोपण बघ."

"काय बघू? मेण आहे."

"का आहे ते विचार. मी विचारलं होतं त्यांना. मनोंग, तुमच्या बाजूला पूर्ण आणि तिच्या बाजूला अर्धंच का, कंजूष कुठले. तर म्हणाले, अर्धं काम तिचं शेण करतं. पूर्ण घातलं तर पोळेल."

मनांगने पोळलेल्या ओळीकडे बघितलं. मग टोपणात अंगठा घातला आणि मेणावर, जिथे त्याचं बोट फिरलं होतं, तिथे फिरवत राहिली. वारा होता. भेंडीची पानं एकमेकांना घासत होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. इस्तोची कॉफी गार झाली एवढं खरं.

"अर्धं काम तिचं शेण करतं," ती शेवटी म्हणाली, हळू, तोंडात चव घेतल्यासारखी. "हे तोंडाने म्हणाला? विडी न पेटवता?"

"विडी होती. पण विझलेली."

"मला नाही म्हणाला कधी." मग ती रडली, चांगली मोकळी रडली, आणि मी पण.

त्या दिवशी संध्याकाळी ती तिच्या बाजूला फिरली. पाच बोटं लांब, काठी, अर्धं टोपण, टाच. मागून बादली, "बारी-बारी, अपो." आठवडा सरेपर्यंत शेंडे हिरवे झाले. पोळलेली ओळ गेली ती गेलीच. ती तिने उपटली नाही, तशीच राहू दिली.

वर्षाच्या दिवशी काळं उतरवून ती निळ्या फुलांचा ब्लाउज घालून बसली. पाहुणे जेवून गेले होते, फक्त मी भांडी आवरायला थांबले होते. विहिरीजवळ, तो बसला होता तिथेच, तिने आतांगचं ताट मांडलं. भात, अंडं, वडी, विडी, जिनचा पेला. भाजीच्या वाटीत दोन भेंड्या, अख्ख्या. कोणती कोणत्या बाजूची ते मला ओळखता आलं नाही, तिलाही आलं नसतं.

"ये, म्हाताऱ्या, जेव," ती म्हणाली. "तुझी काडी सापडली. अर्धंच घातलंय, जास्त नाही. चोर आहेस तू. आता माझंही ऐकून घे. तू रविवारी दुपारी झुंजीला जायचास ना, तेव्हा मी तुझ्या बाजूला शेण घालत होते. दर महिन्याला. तुला पत्ता नव्हता. म्हणजे आपण दोघंही चोर. फिटलं."

तिचा आवाज अगदी हलका झाला होता. मी तिथेच थांबले असते तर चाललं असतं. पण काळं उतरलं होतं, आणि मनोंगची एक शपथ मोडलेली बाई त्यांचीच दुसरी कशाला सांभाळेल?

"मनांग," मी म्हटलं, "ते झुंजीला जायचे नाहीत."

"काय?"

"अकरा वर्षं. त्यांचा लाल कोंबडा मेला तेव्हापासून ते रिंगणाकडे फिरकले नाहीत. माझ्या दुकानामागच्या बाकावर बसून असायचे, उन्हं उतरेपर्यंत."

"खोटं. मला येऊन सांगायचा की. कोणाचा कोंबडा जिंकला, कोणाचा पळाला."

"ते मी सांगायचे त्यांना. गिऱ्हाइकांकडून ऐकून."

मनांग माझ्याकडे बघत राहिली. "मग बाकावर बसून करायचा काय?"

"तुझी बादली रिकामी व्हायची वाट बघायचे. मधेच घरी गेलो तर ही घाईत बांधावरून पडेल, म्हणायचे."

तिने पदरासारखा ब्लाउजचा काठ तोंडाला लावला. मग ताट दोन्ही हातांनी उचलून विहिरीकडून थोडं पुढे, बांधाच्या तिच्या बाजूला आणून ठेवलं, आणि रस्त्यापलीकडे, माझ्या दुकानामागच्या बाकाकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात हाक मारली.

"म्हाताऱ्या! बादली रिकामी झाली. ये आता घरी."